मृगाचा तेजोमेघ: तीनशे फोटो काढूनही चित्र धुरकटच का?

मंदतारा (रविवार, सकाळी १०.५०)

नमस्कार. यंदाच्या दिवाळीत मी माझा पहिला डीएसएलआर कॅमेरा घेतला. तो अगदी पहिल्या पायरीवरचा आहे: एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल आणि सोबत १८-५५ व ५५-२५० अशा दोन किट लेन्स. चंद्राचे फोटो दोन आठवड्यांत जमले. त्यामुळे धीर चेपला आणि तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका अशा खोल आकाशातील वस्तूंकडे वळावे असे ठरवले.

काल मार्गशीर्ष अमावास्येजवळचा शनिवार साधून पानशेतच्या पुढे, धरणाच्या पाण्यापासून फार दूर नसलेल्या एका शेतात मालकांच्या परवानगीने ट्रायपॉड लावला. लक्ष्य होते मृग नक्षत्रातील एम ४२ हा तेजोमेघ. लेन्स १३५ मिमीवर, छिद्र एफ ५, आयएसओ ३२००, रॉ स्वरूप आणि प्रत्येक फोटो दोन सेकंदांचा. तारे रेषेसारखे ताणले जाऊ नयेत म्हणून फोटोची कमाल वेळ सांगणारा ५०० चा नियम आहे, त्याने ५०० भागिले (१३५ गुणिले लहान सेन्सरचा गुणक १.६) म्हणजे सुमारे २.३ सेकंद येतात, म्हणून दोन धरले. लाइव्ह व्ह्यू दसपट मोठा करून एका ठळक ताऱ्यावर हाताने फोकस केला, रिमोटचे बटण अडकवून ठेवले आणि मध्ये दोनदा चौकट पुन्हा जुळवत एकूण ३०० फोटो घेतले.

घरी येऊन डीपस्कायस्टॅकर या फोटो एकत्र करणाऱ्या संगणक प्रणालीत सगळे एकत्र केले, तेव्हा तेजोमेघाच्या जागी ओल्या कापसाचा बोळा आणि ताऱ्यांच्या जागी फुगीर गोळे मिळाले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुरुवातीचे फोटो चांगले दिसत होते, हे मला पक्के आठवते.

आता पुढचा खर्च करायचा झाल्यास तो आधी कशावर करावा: ट्रॅकर (कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरवणारे उपकरण), चांगली लेन्स, की लहान दुर्बीण? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निशिगंधा (रविवार, सकाळी ११.१५)

माझ्याकडेही याच वर्गातला कॅमेरा आहे आणि बोळाही असाच आहे. वाचत आहे.

देवयानी२५लाख (रविवार, दुपारी १२.०५)

ट्रॅकर घ्या, दुसरा विचार करू नका. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो आणि एम ४२ त्या वृत्तापासून जेमतेम साडेपाच अंश दक्षिणेला आहे. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल सुमारे ३.७ मायक्रॉनचा असावा. तसे असेल तर १३५ मिमीवर एक पिक्सेल साधारण ५.६५ विकला आकाश व्यापतो, म्हणजे तुमच्या दोन सेकंदांत तारा पाच पिक्सेल लांब होतो. ५०० चा नियम फिल्मच्या काळात लहान आकाराच्या छपाईसाठी ठीक होता. आजच्या सेन्सरवर तो फार उदार आहे. ट्रॅकरवर हाच कॅमेरा एकेक मिनिटाचे फोटो देईल.

शंकेखोर (रविवार, दुपारी १२.४०)

गणित मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. परिवलनाने तारा लांबट होतो, फुगत नाही. मंदतारा यांनी गोळे म्हटले आहे, रेषा म्हटलेले नाही. जे बिघडले आहे ते न शोधता ट्रॅकर घेतला, तर तो बिघडलेल्या ताऱ्याचा अत्यंत अचूक पाठलाग करेल.

मंदतारा, तुमच्या मालिकेतील पहिला, शंभरावा, दोनशेवा आणि तीनशेवा फोटो येथे द्यावा, पूर्ण आकारात आणि काहीही संस्कार न करता. एकत्रित चित्रावरून निदान करणे म्हणजे मिसळीच्या रश्श्यावरून मटकी कोणत्या दुकानातली होती ते सांगण्यासारखे आहे.

लोलक (रविवार, दुपारी १.३०)

माझा संशय दवावर आहे. पाण्याजवळचे शेत आणि डिसेंबरची रात्र, एवढे पुरेसे आहे. लेन्सची पुढची काच उघड्या आकाशाकडे तोंड करून असते, आपली उष्णता ती आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तिचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की काचेवर बाष्प साचते. हे इतके हळूहळू होते की अंधारात लक्षात येत नाही. विजेरीचा झोत पाडून पाहावे, तर फोटो सुरू असताना काचेवर उजेड पडू नये म्हणून आपणच ते टाळतो.

मागील हिवाळ्यात माझी संपूर्ण कृत्तिका अशीच गेली. तेव्हापासून मी तपकीर गल्लीतून आणलेले काही रेझिस्टर ओळीने जोडून, कापडी पट्टीत शिवून ती पट्टी लेन्सभोवती गुंडाळतो आणि पॉवर बँकेवर चालवतो. काच हाताला जेमतेम कोमट लागावी एवढीच ऊब हवी. जास्त तापवल्यास काचेसमोरची हवा थरथरते आणि एका दुखण्यातून दुसरे निघते.

कोथरूडची_गच्ची (रविवार, दुपारी ४.२०)

पानशेतपर्यंत जायलाच हवे का, असा माझा नेहमीचा प्रश्न येथेही विचारतो. मी गच्चीवरून एम ४२ टिपतो आणि त्याचे मधले पंख स्पष्ट येतात. मला पेट्रोल लागत नाही, दव कमी पडते आणि चहा गरम मिळतो. आमच्याकडे अडचण एकच आहे. सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळवणे हे ध्रुवाकडे अक्ष जुळवण्यापेक्षा अवघड आहे, आणि मिळालीच तर तुम्ही समोरच्या इमारतीचे फोटो काढत नाही आहात, हे अध्यक्षांना दरवेळी नव्याने पटवून द्यावे लागते.

लोलक (रविवार, सायंकाळी ५.०५)

गच्ची, एम ४२ हा अपवाद आहे, कारण तो डोळ्यांनाही दिसण्याइतका तेजस्वी आहे. मंद वस्तूंना हा न्याय लागत नाही. आकाशाचा उजेड फोटोतून वजा करता येतो, पण त्या उजेडाने आणलेला नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) वजा होत नाही. शहरातील आकाश गावाकडच्या आकाशापेक्षा अडीच प्रतींनी (प्रत हे तेज मोजण्याचे माप) उजळ आहे असे धरले, तर उजेडातील फरक दसपट होतो आणि मंद तेजोमेघासाठी तीच गुणवत्ता मिळवायला गच्चीवर दसपट वेळ द्यावा लागतो. पानशेतचा एक तास म्हणजे गच्चीवरचे दहा तास, आणि तेवढ्यात तुमच्या अध्यक्षांची निवडणूक होऊन जाईल.

पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड वर्णपटात ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असे, त्यामुळे तो गाळणाऱ्या फिल्टरचा उपयोग होई. आताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळ्या वर्णपटावर पसरलेला असतो. आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण विद्यापीठाच्या आवारात न ठेवता सुमारे ८० किलोमीटर दूर जुन्नरजवळ गिरवलीला नेली, ती काही हवापालटासाठी नव्हे.

कोथरूडची_गच्ची (रविवार, सायंकाळी ५.२०)

दसपट मान्य. चहाचा मुद्दा अनुत्तरित राहिला, याची नोंद घ्यावी.

मंदतारा (रविवार, रात्री ९.१०)

सर्वांचे आभार. चार फोटो जोडले आहेत. माझ्या डोळ्यांना असे दिसते: पहिल्यात तारे बारीक आणि किंचित लांबट आहेत. शंभराव्यात जवळजवळ तसेच आहेत. दोनशेव्यात ते फुगले आहेत, आणि तीनशेव्यात ठळक तारे मेदूवड्यासारखे, मध्ये पोकळ दिसतात.

लोलक, दवाची शंका मला तेथेही आली होती. साधारण अर्ध्यावर मी काचेवर बोट फिरवून पाहिले, ती कोरडी होती. (बोट फिरवायला नको होते, हे नंतर समजले.) आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. सलग बटण अडकवलेले असूनही दोन फोटोंच्या वेळांत चार सेकंदांहून थोडे अधिक अंतर आहे. दोन सेकंद फोटोचे, मग उरलेले कोठे गेले?

शंकेखोर (रविवार, रात्री १०.००)

उरलेले दोन सेकंद कॅमेऱ्याने खाल्ले. मेनूमध्ये लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय आहे, ती चालू राहिली असणार. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो घेतो आणि तो मूळ फोटोतून वजा करतो. एखाददुसऱ्या फोटोसाठी हे उत्तम आहे. शेकडो फोटोंच्या मालिकेत मात्र तुमचा निम्मा अंधार त्यात जातो. ती बंद करा आणि शेवटी लेन्सला झाकण लावून, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच वेळेचे वीस-पंचवीस काळे फोटो एकदाच घ्या. डीपस्कायस्टॅकर त्यांची सरासरी काढून ती सर्वांमधून वजा करतो. ते त्याच थंडीत, तेथेच घ्यावेत. घरी पांघरुणात बसून घेतलेले चालत नाहीत, कारण सेन्सरचा नॉइज तापमानानुसार बदलतो.

आता मुख्य दुखणे. दव पडले की ताऱ्याचा मध्यबिंदू टिकतो आणि भोवती धूसर प्रभामंडळ येते. मेदूवडा हे दवाचे लक्षण नाही, ते फोकस हलल्याचे लक्षण आहे. प्रश्न एवढाच की तो का हलला. थंडीने काच आणि नळी आकुंचन पावते, पण तेवढ्याने इतका फरक पडेल असे वाटत नाही. कृपया एक मोजमाप करावे. बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी दोन टोकांचे तारे घ्या आणि त्यांच्यातील अंतर पहिल्या व शेवटच्या फोटोत पिक्सेलमध्ये मोजा.

निशिगंधा (रविवार, रात्री १०.१२)

ताऱ्यांमधले अंतर एका रात्रीत कसे बदलेल?

शंकेखोर (रविवार, रात्री १०.१५)

बदलू नये, म्हणूनच मोजायचे आहे.

मंदतारा (सोमवार, रात्री ८.४०)

कार्यालयातून आल्यावर मोजले. पहिल्या फोटोत १,७४४ पिक्सेल, शंभराव्यात १,७३९, दोनशेव्यात १,६६२ आणि तीनशेव्यात १,५८६. तीन वेळा मोजले, चहा घेऊन पुन्हा मोजले, आकडे तेच आहेत. मृगाचा बाण नऊ टक्क्यांनी आखूड झाला आहे!

पिंगळा (सोमवार, रात्री ९.०५)

बाण आखूड झालेला नाही, तुमची लेन्स आखूड झाली आहे. १३५ ला १,५८६ ने गुणून १,७४४ ने भागा, १२३ मिमी येते. लेन्सची पुढची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरली आणि झूम कमी झाला. साध्या झूम लेन्सचा फोकस झूमबरोबर बदलतो, म्हणून तारेही फुगले. याला झूम क्रीप म्हणतात.

परदेशी व्हिडिओंत याचा फारसा उल्लेख का नसतो, त्याचे कारण मला आपल्या अक्षांशात दिसते. पन्नास अंश उत्तरेला राहणाऱ्या माणसाला एम ४२ फार तर ३५ अंश उंचीवर दिसतो, त्यामुळे त्याची लेन्स बरीचशी आडवी असते. पुणे साडेअठरा अंशांवर असल्याने आपल्याकडे तोच तेजोमेघ मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, जेथे तो सर्वांत उंच असतो) ६६ अंशांपर्यंत चढतो आणि लेन्स जवळजवळ आभाळाला टेकते. तुमच्या मालिकेच्या पूर्वार्धात मृग खाली होता, उत्तरार्धात वर आला, आणि नळी उत्तरार्धातच घसरली.

उपाय दहा रुपयांचा आहे. फोकस आणि झूम ठरवून झाले की नळीच्या सांध्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे. रंगारी वापरतात तीच पट्टी घ्यावी; साध्या सेलोटेपचा गोंद थंडीत लेन्सवर राहतो आणि तो काढताना माणूस अंधारात जे बोलतो ते येथे लिहिता येणार नाही.

जाता जाता: फाइलच्या माहितीत फोकल लेंग्थ लिहिलेली असते. तीनशेव्या फोटोवर टिचकी मारून पाहावी.

मंदतारा (सोमवार, रात्री ९.२०)

पाहिली. १२३ लिहिले आहे. दोन दिवस ते तेथेच होते.

कोथरूडची_गच्ची (सोमवार, रात्री ९.२४)

शंकेखोर यांनी आपणास अर्धा तास पिक्सेल मोजायला लावले, याबद्दल त्यांच्यावर एक मिसळ दंड बसावा.

शंकेखोर (सोमवार, रात्री ९.५०)

दंड मान्य आहे. बचावात एवढेच सांगतो की काही लेन्स ही संख्या पायऱ्यापायऱ्यांनी नोंदवतात आणि थोडी घसरण त्यात दिसत नाही. ताऱ्यांचे अंतर तसे लपवत नाही.

देवयानी२५लाख (सोमवार, रात्री १०.३०)

निदानाबद्दल अभिनंदन. तरीही माझा मुद्दा शिल्लक आहे. पट्टी लावून फोकस टिकेल, पण दोन सेकंद ते दोनच सेकंद राहतील. एफ ५ वर अंधाऱ्या आकाशात दोन सेकंदांत इतका कमी प्रकाश गोळा होतो की प्रत्येक फोटो वाचताना सेन्सरचे इलेक्ट्रॉनिक्स जो नॉइज घालते, तोच वरचढ ठरतो. दोन सेकंदांचे तीस फोटो आणि साठ सेकंदांचा एक फोटो यांत प्रकाश सारखाच येतो, पण पहिल्यात तो नॉइज तीस वेळा भरावा लागतो. गच्चीवर आकाशच एवढे उजळ असते की हा फरक बुडून जातो. गंमत अशी की अंधाऱ्या जागी जाणाऱ्यालाच ट्रॅकरची गरज अधिक भासते.

शंकेखोर (सोमवार, रात्री १०.४५)

हा युक्तिवाद मला पटतो. रविवारी असाच मांडला असता तर मी विरोध केला नसता.

निशिगंधा (मंगळवार, सकाळी ८.३०)

माझी एक शंका. लोकांच्या चित्रांत हा तेजोमेघ लालभडक असतो. माझ्याकडे तो फिकट गुलाबी, थोडा निळसर येतो. कॅमेऱ्यात दोष आहे का?

लोलक (मंगळवार, सकाळी ९.१५)

दोष नाही. आयनीभूत हायड्रोजनचा मुख्य लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरवर असतो आणि नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे बसवलेला फिल्टर त्यातला बराचसा भाग अडवतो. माणसांचे चेहरे लालसर दिसू नयेत, यासाठी ती व्यवस्था आहे. हा फिल्टर काढून घेणारे लोक आहेत, पण पहिल्या वर्षी हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एम ४२ मध्ये ऑक्सिजनचा हिरवट-निळा प्रकाशही भरपूर आहे, त्यामुळे तो अशा कॅमेऱ्यालाही पावतो. कृत्तिकांमधील निळी धूळ, पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ आणि देवयानी दीर्घिका यांना तर लाल प्रकाशाची मातब्बरीच नाही. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत एवढी. इतक्या मोठ्या वस्तूसाठी दुर्बीण नव्हे, किट लेन्सच योग्य आहे.

अश्वमुख तेजोमेघाच्या मागे मात्र लागू नका. मी लागलो होतो. तीन रात्रींनंतर जे दिसले ते घोड्याचे तोंड आहे की सेन्सरवरची धूळ, यावर घरात मतभेद आहेत.

मंदतारा (मंगळवार, रात्री १०.१०)

शंकेखोर आणि पिंगळा यांचे म्हणणे ऐकून फक्त पहिले ११२ फोटो पुन्हा एकत्र केले आणि बाकीचे टाकून दिले. चित्र जोडले आहे. नॉइज भरपूर आहे, पण तेजोमेघाचे दोन्ही पंख उलगडलेले दिसतात आणि त्याच्या डोक्यावरचा तो वेगळा ठिपका, एम ४३, सुटा आला आहे. माझ्या आईने तो न सांगता ओळखला. ३०० फोटोंपेक्षा ११२ फोटो चांगले ठरतात, याचे आश्चर्य अजून ओसरलेले नाही.

पिंगळा (मंगळवार, रात्री १०.४०)

सुंदर आहे, आणि हे मनापासून लिहितो. आता वेळ वाढवा. ११२ गुणिले दोन म्हणजे पावणेचार मिनिटेही होत नाहीत. नॉइजच्या तुलनेत संकेत वेळेच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून दुप्पट स्वच्छ चित्रासाठी चौपट वेळ द्यावा लागतो. याच तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतला, तेव्हा ११ इंची दुर्बिणीवर त्यांनी काचपट्टी ५१ मिनिटे उघडी ठेवली होती. तुमचा सेन्सर त्या काचपट्टीपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे, पण तुमची लेन्स ११ इंचांची नाही.

हाडाचा_सुतार (बुधवार, सकाळी ७.३०)

उशिरा आलो. मूळ प्रश्न खर्चाचा होता, म्हणून एक स्वस्त मार्ग सांगतो. विकतच्या ट्रॅकरऐवजी दोन फळ्यांचा ट्रॅकर घरी बनवता येतो. एका कडेला दाराची बिजागरी, दुसऱ्या बाजूला खालच्या फळीत बसवलेल्या नटमधून वर येणारा एम ६ बोल्ट, आणि वरच्या फळीवर कॅमेरा. एम ६ बोल्टचे आटे एक मिलिमीटर अंतराने असतात. बिजागरीच्या अक्षापासून बोल्ट बरोबर २२८.५ मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला एक फेरा या गतीने फिरवला, तर वरची फळी आकाशाच्या गतीने उघडते. मी बोल्टवर लाकडी चकती बसवली, तिच्यावर घड्याळासारखे बारा भाग आखले आणि दर पाच सेकंदांनी एक भाग असे हाताने फिरवतो. सामान बोहरी आळीत एका फेरीत मिळाले. मात्र बिजागरीत खेळ नको. दुकानात उभे राहून दहा बिजागऱ्या हलवून पाहिल्या, तेव्हा दुकानदाराने दार किती मोठे आहे असे विचारले. तारे पाहायचे आहेत असे सांगितल्यावर त्याने पुढे काही विचारले नाही.

बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहूनही कमी अंतरावर आहे. अक्ष थेट ताऱ्यावर रोखला तरी, अगदी वाईट स्थितीत, मिनिटाला दहा विकलांचे सरकणे राहते. देवयानी यांच्या हिशेबाने तुमच्या १३५ मिमीवर ते दोन पिक्सेलही भरत नाही.

देवयानी२५लाख (बुधवार, सकाळी ९.००)

माझा आक्षेप फक्त हाताने फिरवण्याला आहे. १३५ मिमीवर हात लागला की फळी हलते. ५० मिमीच्या लेन्सला हे उपकरण अधिक शोभेल.

हाडाचा_सुतार (बुधवार, सकाळी ९.२०)

बरोबर आहे. चारातला एक फोटो हलतो, तो टाकून देतो. तुमच्या ट्रॅकरच्या किमतीत उरलेले तीन मला परवडतात.

मंदतारा (पौष अमावास्येनंतरचा रविवार, दुपारी ३.१५)

धागा वर काढत आहे. काल पुन्हा त्याच शेतात गेलो होतो. सोबत रंगाऱ्याची पट्टी, लोलक यांच्या पद्धतीची उबदार पट्टी (माझ्या भावाने शिवून दिली) आणि निशिगंधा होत्या. नॉइज रिडक्शन बंद ठेवले, दर शंभर फोटोंनंतर चौकट जुळवताना एक फोटो मोठा करून फोकस तपासला आणि साडेआठ ते दहा या वेळात ९०० फोटो घेतले. एकूण तीस मिनिटांचा प्रकाश. दोघे-तिघे गावकरी चौकशीला आले, त्यांना लाइव्ह व्ह्यूमध्ये मृग दाखवला, आणि एका आजोबांनी व्याध, बाण व हरणाची गोष्ट आम्हालाच ऐकवली.

बाणाचे अंतर पहिल्या फोटोत १,७४३ आणि नऊशेव्यात १,७४३. (फाइलच्या माहितीतही १३५. दोन्ही पाहिले.) ८७१ फोटो एकत्र करण्याजोगे निघाले, बाकीच्यांत विमाने आणि उपग्रह आहेत. सिरिल या चित्रसंस्काराच्या प्रणालीत पार्श्वभूमीवरचा उजेडाचा उतार काढल्यावर पंखांच्या बाहेरची धुरकट कमानही दिसू लागली. हा धुरकटपणा खरा आहे, माझा नव्हे.

मूळ प्रश्नाबद्दल: एवढ्यात काहीही विकत घेत नाही. बोहरी आळीतून बिजागरी आणि बोल्ट मात्र आणले आहेत. त्यात नवी अडचण अशी की आमच्या शेताच्या उत्तरेला डोंगर आहे, आणि साडेअठरा अंशांवरचा ध्रुव त्याच्या मागे जातो. अक्ष कशावर रोखावा?

हाडाचा_सुतार (रविवार, दुपारी ४.००)

चित्र फार छान झाले आहे. ध्रुव दिसला नाही तरी अडत नाही. बिजागरीचा अक्ष क्षितिजाशी साडेअठरा अंशांचा कोन करेल असा मोबाइलच्या कोनमापकाने लावा आणि दिशा होकायंत्राने धरा. पुण्याच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे दुरुस्तीची गरज नाही. एकूण चूक दोन अंशांची धरली तरी पंधरा सेकंदांत तारा फार तर दीड पिक्सेल सरकेल, आणि पंधरा सेकंद म्हणजे तुमच्या दोन सेकंदांच्या साडेसातपट. फक्त होकायंत्र बोल्टपासून आणि गाडीपासून चार पावले लांब धरावे. पहिल्या रात्री मी ते हत्यारांच्या डब्यावर ठेवले होते आणि तासभर निष्ठेने सिंहगडाच्या दिशेला ध्रुव मानले.

मंदतारा (रविवार, दुपारी ४.१०)

समजले. पुढच्या अमावास्येच्या शनिवारी आपणही या. डबा गाडीतच राहू द्यावा.

कोथरूडची_गच्ची (रविवार, दुपारी ४.३०)

मीही येतो. चहाचा थर्मास माझ्याकडे.